कर्ता कोण? आपल्या गर्भपात कायद्याची दीडशे वर्षांची गोष्ट

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून ठेवतेय. बोलताना जिथे अडखळले ते काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच आहे.

आजचा विषय गर्भपाताचा कायदा. तो कोणी ठरवला, कोणासाठी ठरवला, आणि मुळात तो कोणी ठरवायला हवा. विषय जड आहे, मला माहितीये. एका दमात ऐकवलं नाही तर थांबा, चहा घ्या, मग या.

आधी सांगते हा भाग का केला. २४ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाने मिळालेला हक्क ४९ वर्षांनी गेला. त्या रात्री आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मोठ्या ऐटीत लिहिलं, “आपल्याकडे हा हक्क १९७१ पासून आहे. अमेरिकेच्याही दोन वर्षं आधी!” खाली तिरंगा टाकला. पंधरा-वीस अंगठे आले.

एका मैत्रिणीने काहीच टाकलं नाही. रात्री अकराला तिचा फोन आला. तिचं नाव, गाव काही सांगत नाही. ती म्हणाली, “हक्क म्हणतेस, मला काय सांगितलं माहितीये? मिस्टरांची सही आणा.” तिचं मूल तेव्हा दीड वर्षाचं होतं. नवरा कामासाठी परदेशात. दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा सातवा आठवडा होता, आणि त्या दोघांनी फोनवर बोलून ठरवलंही होतं. पण दवाखान्यातल्या बाईंनी कागद पुढे सरकवला आणि एका रिकाम्या रेघेवर बोट ठेवलं. नवरा नाही तर सासरे चालतील, म्हणाल्या. सासऱ्यांना सांगायचं नव्हतं म्हणूनच तर ती एकटी गेली होती. तीन आठवडे असेच गेले. शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं, “अगं, सही फक्त तुझी लागते. कायद्यात दुसरी सही नाहीच.”

फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा तो कायदा उघडून वाचला. तोपर्यंत वाचला नव्हता. तिरंगा मात्र टाकला होता.

आता तुम्हाला शाळेत घेऊन जाते. मराठीच्या तासाला बाई वाक्य फळ्यावर लिहायच्या आणि विचारायच्या, कर्ता कोण? कर्म कोणतं? क्रियापद कुठलं? आज आपण तेच करूया. आणि आपल्या भाषेत ‘कर्ता’ या शब्दाला दुसराही अर्थ आहे, नाही का? घरातला कर्ता पुरुष. ज्याच्या शब्दाबाहेर घर जात नाही तो. दोन्ही अर्थ लक्षात ठेवा.

पहिलं वाक्य: १८६०

भारतीय दंड संहिता १८६० ची. अंमल १ जानेवारी १८६२ पासून. तिचा मूळ मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्येच तयार केला होता. तिच्यातलं कलम ३१२ म्हणतं, जो कोणी गर्भवती स्त्रीचा गर्भपात घडवून आणेल, आणि तो तिचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला नसेल, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद. पोटात गर्भाची हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत. आणि खाली एक छोटं स्पष्टीकरण आहे. स्वतःचा गर्भपात करून घेणारी स्त्रीसुद्धा या कलमात येते.

कर्ता कोण? “जो कोणी.” म्हणजे सुईण, वैदू, शेजारीण, आणि ती स्वतः. बाई पहिल्यांदा कायद्याच्या पुस्तकात आली ती आरोपी म्हणून.

हे ठरवलं कोणी? ज्या विधान परिषदेने ही संहिता मंजूर केली, तिच्यात तेव्हा एकही भारतीय सदस्य नव्हता. बाई असण्याचा तर प्रश्नच नाही. खुद्द इंग्लंडात बायकांना मत नव्हतं. त्यांच्याकडेही १८६१ साली असाच, उलट जास्त कडक कायदा झाला.

म्हणजे त्याआधी आपल्याकडे सगळं आलबेल होतं का? मुळीच नाही. आपले धर्मग्रंथ गर्भहत्येला पातकच म्हणतात. पण पाप आणि गुन्हा या दोन गोष्टी वेगळ्या. पापाला प्रायश्चित्त असतं, जातपंचायत असते, कुजबूज असते. गुन्ह्याला फौजदार आणि तुरुंग. १८६२ नंतर त्या बाईच्या वाट्याला दोन्ही आले.

पुणे, १८६३

संहिता लागू झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८६३ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या राहत्या घरी एक गृह सुरू केलं. नाव बालहत्या प्रतिबंधक गृह. विधवांनी इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा इथेच ठेवावं, कोणी नाव विचारणार नाही, अशा अर्थाची पत्रकं त्यांनी लावली होती.

जरा त्या काळातल्या ब्राह्मण विधवेच्या जागी उभ्या राहा. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी नवरा गेला, केशवपन. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाला परवानगी होती, पण समाजाने दिली नव्हती. घरातलाच कोणी दीर, सासरा, नातेवाईक. दिवस राहिले की तिच्यापुढे तीन वाटा. एक, सुईणीकडून पोट पाडून घेणं, ज्यात ती मरू शकते. दोन, चोरून बाळंत होऊन ते मूल मारणं, ज्यात फाशी किंवा काळं पाणी. तीन, विहीर. जोतीराव-सावित्रीबाईंनी चौथी वाट काढली. १८७४ मध्ये तिथेच जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये याच यशवंताच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या. त्यातच त्या गेल्या.

माझ्यासाठी यात एक गोष्ट फार मोलाची आहे. फुले दांपत्य गर्भपाताच्या बाजूने उभं राहिलं असं म्हणता येणार नाही, ते मूल वाचवायला उभे राहिले. पण त्यांनी बाईला शिक्षा करून मूल वाचतं असं मानलं नाही. तिच्यावर ही वेळ कोण आणतं, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला.

१८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात बाळाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर जी चिखलफेक झाली, तिने बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेटून उठल्या. १८८२ मध्ये त्यांचं ‘स्त्री पुरुष तुलना’ हे पुस्तक आलं. त्यांचा मुद्दा आजच्या आपल्या भाषेत सांगायचा तर असा: या सगळ्या खटल्यात तो पुरुष कुठे आहे? गर्भ काय हवेतून राहिला? वाक्याचा दुसरा कर्ता तुम्ही गाळलात की!

पुढे विसाव्या शतकात र. धों. कर्वे आले. १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आणि १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणणारे होते आंबेडकरांच्याच पक्षाचे रोहम. ठराव पडला. पण मूल कधी आणि किती, हा सरकारी सभागृहात बोलायचा विषय आहे, हे त्या दिवशी नोंदलं गेलं.

दुसरं वाक्य: १९७१

स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, कलम ३१२ मात्र जागच्या जागी राहिलं. बायका पोट पाडून घेतच होत्या. काड्या, काढे, गावठी औषधं. सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांना रोज रात्री त्याचे परिणाम दिसायचे, रक्तस्राव, सेप्टिक, मृत्यू.

१९६४ मध्ये केंद्र सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष शांतिलाल शाह, महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री. समितीचा अहवाल आला डिसेंबर १९६६ मध्ये. तिचा अंदाज होता की देशात वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भपात मुद्दाम करवून घेतले जातात. आणि जवळपास सगळेच कायद्याबाहेर.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आली, ती नंतर विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच नोंदली गेली. या बायकांपैकी बहुतेक विवाहित होत्या. त्यांना गर्भ लपवायचं काही खास कारण नव्हतं. म्हणजे ‘वाकडं पाऊल पडलेली’ असं जे चित्र समाजाच्या डोक्यात होतं, ते खोटं होतं. या होत्या तुमच्या-माझ्या आज्या, चौथ्या-पाचव्या बाळंतपणाला घाबरलेल्या.

१० ऑगस्ट १९७१ ला वैद्यकीय गर्भपात कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, बारा ते वीस आठवड्यांत दोघांचं. कारणं ठरलेली: बाईच्या जिवाला धोका, तिच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा, बलात्कार, जन्मणाऱ्या मुलात गंभीर व्यंग. आणि अठरा वर्षांवरच्या स्त्रीसाठी संमती फक्त तिची. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही. हे १९७१ मध्येच लिहिलेलं आहे. माझ्या मैत्रिणीपुढे ती रिकामी रेघ सरकवली गेली, तेव्हा ही ओळ जवळजवळ पन्नास वर्षांची झाली होती.

आता फळ्याकडे बघा. कायद्याचं मुख्य वाक्य साधारण असं आहे: दंड संहितेत काहीही म्हटलेलं असलं तरी, नोंदणीकृत डॉक्टरने या कायद्याप्रमाणे गर्भ काढला तर तो डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही.

कर्ता कोण? डॉक्टर. ‘स्त्रीला हक्क आहे’ असं वाक्य पूर्ण कायद्यात शोधून सापडत नाही. हा कायदा म्हणजे डॉक्टरच्या डोक्यावर धरलेली छत्री. बाई त्या छत्रीखाली उभी राहू शकते, पण दांडा डॉक्टरच्या हातात. मी ग्रुपवर ज्याला हक्क म्हटलं होतं, ती परवानगी होती.

मला त्या कायद्याला नावं ठेवायची नाहीत. १९७१ मध्ये, जगातल्या बहुतेक देशांच्या आधी, संसदेने हे केलं. रस्त्यावर दंगे झाले नाहीत, दवाखाने जाळले गेले नाहीत. अगणित बायकांचे जीव त्याने वाचले. पण एवढं सहज का झालं, हेही विचारायला हवं.

तिसरा कर्ता: सरकार

त्या काळात भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण होता. ‘हम दो, हमारे दो’. १९७१ च्या कायद्यात एक वाक्य आहे: विवाहित स्त्रीने किंवा तिच्या पतीने मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी वापरलेलं साधन निकामी ठरून गर्भ राहिला, तर त्याने तिच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा होते असं मानता येईल. वाचताना छान वाटतं. पण नीट बघा. साधन फसलं तर चालेल, कारण ते ‘संख्या मर्यादित ठेवण्यासाठी’ होतं. म्हणजे सरकारला जे हवं तेच बाईला हवं असेल, तेव्हा दार उघडं.

आणि दोघांना वेगळं हवं असेल तेव्हा? त्याचं उत्तर आणीबाणीत मिळालं. १९७६ मध्ये आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. पाच वर्षांपूर्वी मूल नको म्हणण्याची सोय देणारं राज्य आता मूल हवं म्हणणाऱ्यांना थांबवायला निघालं होतं. निर्णय ज्याच्या हातात, तो कुठल्याही बाजूला वळवू शकतो.

हा भाग लिहिताना मी आईला विचारलं, “तुझं ऑपरेशन झालं तेव्हा कोणी विचारलं होतं?” ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “ह्यांना विचारलं की.” मग लाटणं थांबवून जरा हसली. “मला कशाला विचारतील? पोट माझं होतं, फॉर्म त्यांचा होता.”

मशीन आलं

ऐंशीच्या दशकात मुंबईत आणि मग तालुक्या-तालुक्यात गर्भलिंग तपासणी सुरू झाली. मुलगी असेल तर गर्भपात. मुंबईतल्या स्त्री संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी याविरुद्ध मोहीम उघडली, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा १९९४ मध्ये झाला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४ झाली. बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये फक्त ८०७.

इथे माझ्यासारख्यांची पंचाईत होते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणते निर्णय बाईचा. मग बाईनेच ‘मुलगी नको’ म्हटलं तर?

मी या प्रश्नाशी खूप दिवस झगडले. माझं उत्तर असं आहे. ज्या घरात दुसरी मुलगी झाली की बाईला माहेरी धाडतात, तिथे ‘माझा निर्णय’ या शब्दांना वजन किती? तिथे ती सही करते, पण कर्ती नसते. म्हणून १९८८ च्या कायद्याने नेमकं बोट ठेवलं ते तपासणीवर, गर्भपातावर नाही. तो फरक फार विचार करून केलेला होता. आपण मात्र तो पुसून टाकला. ‘स्त्रीभ्रूणहत्या पाप आहे’ची पोस्टरं लावता लावता लोकांच्या मनात ‘गर्भपात म्हणजेच गुन्हा’ असं बसलं. छाप्यांच्या भीतीने कितीतरी डॉक्टर बारा आठवड्यांनंतर बाईला दारातूनच परत पाठवू लागले. मुलगी वाचवायच्या लढाईत, परत पाठवलेली ती बाईसुद्धा कोणाची तरी मुलगीच होती.

निकेता मेहता, २००८

मुंबईच्या निकेता मेहतांच्या पोटातल्या बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचं कळलं, तोवर वीस आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. वीसचा आकडा १९७१ चा. तेव्हा आपल्याकडे सोनोग्राफी नव्हती. आता मशीन जे दाखवत होतं, ते बऱ्याचदा विसाव्या आठवड्याच्या आसपास किंवा नंतरच दिसत होतं. निकेता, त्यांचे पती हरेश आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले. ४ ऑगस्ट २००८ ला न्यायालयाने परवानगी नाकारली. कायदा बदलायचा तर तो संसदेने बदलावा, आमचं ते काम नाही, असा न्यायालयाचा सूर होता. त्याच महिन्यात निकेतांचा नैसर्गिक गर्भपात झाला.

त्यांच्यावर त्या काळात टीका कमी झाली नाही. आणि त्यातला एक आवाज मला आजही गांभीर्याने घ्यावासा वाटतो, अपंगत्व घेऊन जगणाऱ्या लोकांचा. ते विचारतात, ‘व्यंग’ असेल तर मुदत वाढवायची, म्हणजे आमचं जगणं कमी मोलाचं असं कायदाच म्हणतोय का? याला सोपं उत्तर नाही. मला एवढंच दिसतं, की कारणांची यादी सरकारने केली की त्या यादीतून कोणाचं तरी मोल ठरतंच. कारण विचारायचंच नाही असं ठरवलं, तर तो अपमान तरी टळतो.

मग लोकांनी ठरवावं का?

सविता हलप्पनवार आठवतात? बेळगावची मुलगी, दाताची डॉक्टर, आयर्लंडमधल्या गॉलवेत राहायची. ऑक्टोबर २०१२. सतराव्या आठवड्यात गर्भपात होऊ लागला, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनाही माहीत होतं. तिने गर्भ काढून टाका म्हणून विनवलं. पण बाळाच्या हृदयाचे ठोके लागत होते, आणि तिथे कायदा आड आला. जंतुसंसर्गाने २८ ऑक्टोबरला ती गेली. ३१ वर्षांची होती.

तो कायदा आयर्लंडमध्ये कोणी हुकूमशहाने आणलेला नव्हता. १९८३ मध्ये लोकांनी सार्वमत घेऊन गर्भाचा आणि आईचा जगण्याचा हक्क समान, असं घटनेत लिहिलं. ६६.९ टक्के लोक बाजूने. आणि २५ मे २०१८ ला, पुन्हा सार्वमत घेऊन, ते कलम काढायला ६६.४ टक्के लोक बाजूने. पस्तीस वर्षांत बहुमत पार उलटं झालं. त्याआधी ९९ सामान्य नागरिकांची एक सभा नेमली होती. त्यांनी महिनोन् महिने डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे लोक ऐकले. मला ते आवडलं. शांतपणे ऐकून घेणारी सभा आपल्याकडेही असावी असं वाटलं. पण एक प्रश्न उरतोच. १९८३ चं बहुमत चुकलं आणि २०१८ चं बरोबर, तर मधल्या बायकांचं काय? बहुमत बदलायला पस्तीस वर्षं चालतात. गर्भाला नऊ महिने.

आत्ताची वाक्यं

आपल्याकडे निकेतांच्या खटल्यानंतर कायदा बदलायला तेरा वर्षं लागली. तोवर बाई आधी डॉक्टरकडे, मग वकिलाकडे, मग न्यायालयाने नेमलेल्या वैद्यकीय मंडळापुढे. २४ सप्टेंबर २०२१ पासून नवा बदल लागू झाला. वीस आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर. काही ठरलेल्या गटातल्या स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत, दोन डॉक्टरांच्या मताने. गर्भात मोठा दोष असेल तर त्यापुढेही, पण वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. ‘पती’ जाऊन ‘जोडीदार’ शब्द आला, ‘विवाहित स्त्री’ जाऊन ‘कोणतीही स्त्री’.

२९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने एका पंचवीस वर्षांच्या अविवाहित स्त्रीच्या खटल्यात सांगितलं, की चोवीस आठवड्यांच्या मुदतीत लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. नवऱ्याने केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कारच धरावी. आणि डॉक्टरांनी घरच्यांची संमती, जादा कागदपत्रं अशा कायद्यात नसलेल्या अटी घालू नयेत. ही शेवटची ओळ वाचताना मला ती रिकामी रेघ आठवली.

पण पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३. दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरचा मानसिक आजार, अंगावर पाजत असल्याने दिवस गेल्याचं उशिरा कळलेलं, सव्वीस आठवडे. ९ तारखेला दोन न्यायमूर्तींनी परवानगी दिली. ११ तारखेला त्याच दोघींमध्ये, न्या. हिमा कोहली आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना, मतभेद झाला. १६ तारखेला तिघांच्या पीठाने परवानगी नाकारली. मर्यादा उलटलेली, तिच्या जिवाला तत्काळ धोका नाही, गर्भात दोष नाही. त्या आठवड्यात एम्सच्या डॉक्टरांचाही प्रश्न होता, की हे बाळ बाहेर जगू शकतं, मग आम्ही त्याचे ठोके थांबवायचे का?

हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. सव्वीसावा आठवडा आणि सातवा आठवडा एक नाहीत, हे मीही मानते. गर्भ जसजसा वाढतो तसतसं त्याचं वजन समाजाच्या मनात वाढतं, आणि ते स्वाभाविक आहे. पण ती बाई सव्वीसाव्या आठवड्यापर्यंत का पोचते, हेही विचाराल ना? कधी कळलेलंच नसतं. कधी पैसे नसतात. कधी कोणी सही मागितलेली असते.

आणि २०२४ चा आपल्याच राज्यातला खटला. चौदा वर्षांची मुलगी, बलात्कार. मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. २२ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, जवळपास तिसाव्या आठवड्याला. आणि २९ एप्रिलला तोच आदेश मागे घेतला, कारण मुलीच्या पालकांना आता तिच्या जिवाची भीती वाटत होती, त्यांचं मत बदललं होतं. काही जणांनी याची टिंगल केली. मला ते योग्य वाटलं. मूल नको म्हणण्याचा हक्क खरा असेल, तर हवं म्हणण्याचा आणि मत बदलण्याचाही खरा हवा.

या सगळ्या खटल्यांच्या मागे एक मोठा, मुका आकडा आहे. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यातले जवळपास पाऊण दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. म्हणजे संसद, न्यायालय, मंडळ हे सगळे वाद घालत असताना बहुतेक बायकांनी औषधाच्या दुकानातून गोळी आणून निर्णय घेऊनही टाकलेला असतो. एकटीने. बऱ्याचदा किती घ्यायच्या, रक्तस्राव किती झाला तर घाबरायचं, हे सांगायला कोणी नसताना.

तर कर्ता कोण?

१८६० मध्ये ‘जो कोणी’. १९७१ मध्ये डॉक्टर. मध्येच सरकार. २००८ नंतर न्यायालय आणि मंडळ. आणि १८६० चं ते जुनं वाक्य? ते अजून आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते कलम ८८ झालं. आकडा बदलला. स्वतःचा गर्भपात करून घेणारी स्त्री आजही त्यात आहे.

काही लोक प्रामाणिकपणे मानतात की पोटातल्या जिवाच्या वतीने बोलायला कोणीतरी हवं, आणि ते काम राज्याचं. त्यांच्या श्रद्धेची मी थट्टा करणार नाही. पण दीडशे वर्षांत त्या जिवाच्या वतीने बोलायला उभा राहिलेला जवळजवळ प्रत्येक जण त्या बाईच्या जागी कधीच नव्हता, हे मी विसरू शकत नाही. डॉक्टरने धोका सांगावा. समाजाने शेवटच्या महिन्यांसाठी काही सीमा बोलून, ऐकून ठरवावी. कायद्याने तिच्यावर कोणी जबरदस्ती करत नाही ना, दोन्ही बाजूंनी, हे पाहावं. पण वाक्याची सुरुवात तिच्यापासून व्हावी. ‘स्त्री ठरवेल’, आणि मग पुढचं काय ते.

जाता जाता कामाचं. तुम्ही अठरा वर्षांवरच्या असाल, तर कायद्याने सही फक्त तुमची लागते. तुमचं नाव गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. अठराखालील मुलीसाठी पालकाची संमती लागते. लग्न झालंय की नाही, यावर काही अवलंबून नाही. गोळ्या दुकानातून आणून एकटीने घेऊ नका, नोंदणीकृत डॉक्टरकडे जा. एकाने नाही म्हटलं तर दुसरीकडे जा, आणि लवकर जा. हे वाक्य मैत्रिणीला पाठवा, बहिणीला पाठवा. भावालाही पाठवा.

माझी ती मैत्रीण बरी आहे. हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, “एक राहिलं. त्या दुसऱ्या डॉक्टरबाईंनी सही घेताना मला विचारलं होतं, तुला खरंच हेच हवंय ना? तेवढं टाक.”

टाकलं गं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.